रक्तदाबाची गोळी आणि दुधाचा पेला

अम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी कॅल्शियमला अडवते, असे कुणीतरी सांगितले आणि आमच्या कोंढ्यात एक-दोन घरांत अब्बा-अम्मीचे दूधच बंद झाले. एका घरात तर उलटेच. हाडांसाठी कॅल्शियम चालू आहे, म्हणून रक्तदाबाची गोळी बंद! तेव्हा हे कॅल्शियमचे प्रकरण आहे तरी काय, ते पाहू.

लाल रक्तपेशीच्या बाहेर जेवढे मोकळे कॅल्शियम असते, त्याच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी पेशीच्या आत असते. ते आत झिरपत राहते आणि पेशीच्या आवरणातला एक पंप ते सतत बाहेर फेकतो. हा पंप स्वित्झर्लंडच्या हान्स शाट्झमान यांनी १९६६ मध्ये माणसाच्या लाल पेशीतच दाखवून दिला. तो मंदावला की आतले कॅल्शियम वाढते, पेशीतले पाणी निघून जाते आणि ती ताठर होते. स्वतःहून अरुंद केशवाहिनीतून वाकून जाणे मग तिला जड पडते.

उच्च रक्तदाबाच्या काही रुग्णांत हा पंप मंद आढळला. सर्वच अभ्यासांत नाही. म्हणून रक्तदाबाचे कारण हेच, असे म्हणता येत नाही. मग लाल पेशीच का तपासल्या? रोहिणीचा तुकडा कापून थोडाच घेता येतो! रक्त सुईने मिळते.

खरा खेळ रोहिणीच्या भिंतीतल्या स्नायूत चालतो. तिथल्या पेशीत कॅल्शियम शिरले की स्नायू आवळतो, वाट अरुंद होते, दाब चढतो. गोळी ते शिरण्याचे दार लोटून धरते, एवढेच. दुधा-दह्याशी तिचे भांडण नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

हात आखडायचा तो मिठाला. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात लोणचे, पापड, वाळलेली मासोळी सगळे आले. आमच्याकडे तेवढे एका दस्तरखानावरच संपते.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला, तेव्हा सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपला भंडारा होता. सरकारी दवाखान्यात दाब मोजून मिळतो, गोळ्याही मिळतात. बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. दाब चढला तरी बहुधा काही जाणवत नाही. रमजानमध्येही अडचण नाही. अम्लोडिपिन दिवसातून एकदाच घ्यायची असते. सहरीला की इफ्तारनंतर, हे महिना लागण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.