पडद्यावरचे रणांगण

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंची सैन्ये सारखी असतात. एकाने खेळी केली की दुसऱ्याला आपली खेळी करण्यापूर्वी विचार करण्यास अवसर मिळतो. प्रत्यक्ष युद्धात मात्र सैन्ये सारखी नसतात आणि शत्रू कोणाच्या खेळीची वाट पाहत थांबत नाही. संगणकावरील काही युद्धखेळांत सर्व बाजूंच्या हालचाली एकाच वेळी चालू असतात. फेब्रुवारी 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कमांड अँड कॉन्कर : जनरल्स’ हा अशा खेळांपैकी एक गाजलेला खेळ. आधुनिक युद्ध हा त्याचा विषय आहे. त्याचे गुण मोठे आहेत. म्हणूनच त्याच्या उणिवाही विचारात घेण्याजोग्या आहेत.

या खेळात अमेरिका, चीन आणि ‘ग्लोबल लिबरेशन आर्मी’ ही काल्पनिक दहशतवादी संघटना अशा तीन बाजू आहेत. खेळणाऱ्याने रसद गोळा करावी, तळ उभारावा, सैन्य घडवावे आणि प्रतिपक्षाचा तळ उद्ध्वस्त करावा, अशी त्याची रीत आहे. या तीन बाजूंची असमानता हा खेळाचा पहिला गुण होय. अमेरिकेची भिस्त विमानांवर आणि महागड्या शस्त्रांवर आहे. चीनचे सैनिक एकत्र राहिले म्हणजे अधिक वेगाने मारा करतात. तिसऱ्या बाजूकडे विमाने नाहीत. पण तिला विजेची गरज भासत नाही, तिचे सैनिक एका भुयारात शिरून दूरच्या दुसऱ्या भुयारातून बाहेर पडतात आणि तिची वाहने शत्रूच्या मोडक्या वाहनांतून आपली शस्त्रे सुधारून घेतात. दुर्बलानेही आपले बळ कशात आहे ते ओळखावे, हा धडा येथे आपोआप मिळतो.

दुसरा गुण दूरदृष्टीचा. रसदीचे साठे मर्यादित असतात. ते संपण्यापूर्वी उत्पन्नाचा दुसरा मार्ग शोधावा लागतो. अमेरिकेचे वीजकेंद्र पडले की क्षेपणास्त्रांची संरक्षक ठाणीही निकामी होतात. शत्रूच्या हालचाली तर आपला माणूस जेथे पोहोचला असेल तेथेच दिसतात. म्हणून टेहळणी करणारा एकटा सैनिकही कधीकधी रणगाड्याइतका मोलाचा ठरतो.

परंतु हाच खेळ विचारी माणसाची निराशाही करतो. लढाई अनेक ठिकाणी पेटते आणि पडद्यावर एका वेळी एकच भाग दिसतो. अशा वेळी योजना कितीही चांगली असो, ज्याची बोटे अधिक चपळ त्याची सरशी होते. अरुंद वाटेवर वाहने एकमेकांना अडवून उभी राहतात आणि दिलेली आज्ञा वाया जाते. शिवाय प्रत्येक बाजूला एक महासंहारक अस्त्र मिळू शकते. ठरावीक मिनिटे भरली की ते सिद्ध होते आणि बराच वेळ खपून उभारलेला तळ क्षणार्धात भाजून निघतो.

या उणिवांपेक्षा एक उणीव अधिक खोल आहे. अमेरिकेचा साधा सैनिक येथे 225 डॉलरना मिळतो. तो पडला तर तेवढ्याच पैशात दुसरा उभा राहतो. त्याला नाव नाही, घर नाही, वाट पाहणारी आई नाही. नागरिकांची घरे पडली तरी जेत्याला त्याचा जाब कोणी विचारत नाही. अमेरिकेच्या मोहिमेचा आरंभ या खेळात बगदादमध्ये होतो. आणि खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर पुढच्याच महिन्यात, मार्च 2003 मध्ये, खऱ्या बगदादवर बाँब पडू लागले. पडद्यावरचे बगदाद खेळ पुन्हा सुरू करताच पूर्ववत होत असे. खऱ्या शहराला ती सोय नव्हती.

जर्मनीत अल्पवयीनांच्या हिताची काळजी वाहणाऱ्या शासकीय यंत्रणेने 2003 मध्ये या खेळावर निर्बंध घातले. त्यानंतर तेथे निघालेल्या आवृत्तीत माणसांच्या जागी यंत्रमानव दाखवण्यात आले. यामुळे नियमांचे समाधान झाले असेल; पण मूळ प्रश्न सुटला नाही. मरणाऱ्याला माणूस म्हणून पाहायचेच नाही ही या खेळाची उणीव होती, आणि उपायाने ती दूर करण्याऐवजी पक्की केली.

म्हणून असे खेळ टाकून द्यावेत असे नाही. नियोजन, काटकसर आणि सावधपणा शिकवणारी साधने थोडीच असतात. 2025 मध्ये या खेळाची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. अरुंद वाटेवर अडकणारी वाहने आता जाणकारांना दुरुस्त करता येतील. मात्र पडलेल्या सैनिकाचे मोल कोणत्याही आज्ञावलीत लिहिलेले नाही. ते खेळणाऱ्याने स्वतःच्या मनात जागे ठेवले पाहिजे. डाव जिंकल्यावर ‘हे खरे असते तर?’ एवढा एक प्रश्न ज्याला पडतो, त्याने तो खेळ खऱ्या अर्थाने जाणला असे म्हणता येईल.