आधी आकडा, मग अहवाल

‘किती लोन पाहिजे?’ फ्लॅटचं व्हॅल्युएशन करायला आलेला माणूस टेप उघडायच्या आधीच हा प्रश्न विचारतो, आणि त्यात काही वावगं आहे असं ना त्याला वाटत, ना घरमालकाला. याबद्दल धंद्यातल्या कुणाला छेडलं की ठरलेलं उत्तर येतं. मूल्यांकन हे शेवटी मत आहे. दोन डॉक्टरांचं निदान जुळत नाही, मग दोन व्हॅल्युअरांचे आकडे का जुळावेत? जागेची खरी किंमत गिऱ्हाईक पैसे मोजतं तेव्हाच कळते. तोवर सगळा अंदाज, आणि अंदाज चुकला म्हणून कुणाला धारेवर धरायचं?

मूल्यांकन हे मत आहे, हे मान्य. पण मतामागे कारणं असतात, मर्जीमागे नसतात. बँकेच्या फाइलीतला एखादा अहवाल उघडून बघा. लांबी-रुंदी, मजले, लिफ्ट, चार रंगीत फोटो, खिडकीतून दिसणारा रस्ता, सगळं रकान्यांत नीट भरलेलं असतं. किमतीच्या रकान्याशी आलं की मात्र एकच ओळ: ‘स्थानिक चौकशीनुसार दर चौरस फुटाला अमुक रुपये.’ चौकशी कुणाकडे केली, कोणत्या व्यवहाराबद्दल केली, कधी केली, याचा पत्ता नाही. त्याखाली बाजारमूल्य, मग त्याचे नव्वद टक्के म्हणजे रिअलायझेबल व्हॅल्यू, ऐंशी टक्के म्हणजे डिस्ट्रेस व्हॅल्यू. पाण्याची बोंब असलेल्या उपनगरातली जुनी इमारत असो की डेक्कनवरचा नवा टॉवर, सक्तीच्या विक्रीत दोन्हींना सारखीच घट! अशा कागदाला मत म्हणणं हा मताचाच अपमान आहे.

यावर हुकमी बचाव असा की खरे व्यवहार कागदावर येतच नाहीत, वरची रक्कम रोखीत फिरते, मग पुरावा आणायचा कुठून? अडचण खरी आहे. पण महाराष्ट्रात प्रत्येक नोंदणीकृत खरेदीखताची सूची क्रमांक 2 असते, ती ऑनलाइन शोधता येते, आणि तिच्यात मोबदला आणि शासनाच्या हिशेबाचा बाजारभाव असे दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. त्याच सोसायटीतले किंवा त्याच रस्त्यावरचे तीन दस्त घ्या, त्यांचे क्रमांक लिहा, मजला, वय, पार्किंग यांसाठी किती वाढवलं-घटवलं ते लिहा. रोखीचा संशय असेल तर तोही लिहा आणि त्यापायी दर किती वर धरला ते सांगा. मग आकडा चुकला तरी कुठे चुकला हे तिसऱ्या माणसाला तपासता येईल. ‘रेडीरेकनर आहे की, व्हॅल्युअर हवा कशाला?’ असं विचारणाऱ्यांनाही उत्तर इथेच आहे. तो तक्ता मुद्रांक शुल्कासाठी विभागवार दर ठरवतो. तुमच्या वरच्या मजल्याला गळती आहे, हे त्याला माहीत नसतं.

पात्रतेचा मुद्दा निघाला की पदवी पुढे केली जाते: सिव्हिल इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट, शिवाय इतक्या वर्षांचा अनुभव. पण आपल्याकडे जागेची किंमत काँक्रीटपेक्षा कागदात जास्त दडलेली असते. सातबाऱ्यावर भोगवटा वर्ग 2 असला तर विक्रीला परवानगी आणि नजराणा आलाच. विकास आराखड्यात अर्ध्या प्लॉटवरून रस्ता जात असेल, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नसेल, जमिनीचं अभिहस्तांतरण अजून बिल्डरकडेच अडकलं असेल, तर भिंत कितीही प्लंब असून काय उपयोग? जो हे वाचू शकत नाही त्याच्या पदवीने मोजमाप होईल, मूल्यांकन नाही.

कायद्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. 2017 च्या नियमांनी कंपनी कायद्याखालच्या मूल्यांकनकाराला पन्नास तासांचा अभ्यासक्रम, परीक्षा, नोंदणीकृत संस्थेचं सदस्यत्व आणि आचारसंहिता लावली. स्वतंत्र मूल्यांकनकाराने यशावर ठरणारी फी घेऊ नये, असं तीत स्पष्ट म्हटलं आहे. कंपनी कायद्याचं कलम 247 हितसंबंध असलेल्या मालमत्तेचं काम घ्यायलाच मनाई करतं. चांगली गोष्ट आहे. पण थकलेल्या कर्जापायी सामान्य माणसाचं घर कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखाली लिलावात निघतं, तेव्हा राखीव किंमत ठरवण्याआधी बँकेने ज्याचा अहवाल घ्यायचा, तो ‘मान्यताप्राप्त मूल्यांकनकार’ त्याच कायद्याच्या 2002 च्या नियमांनी बांधला आहे संपत्तीकर कायद्याच्या कलम 34 एबीशी. संपत्तीकर 2016 पासून उठला, त्याची नोंदवही मात्र चालू राहिली. त्याच संपत्तीकराच्या नियमांत मूल्यांकनाच्या फीची मर्यादा मालमत्तेच्या मूल्याच्या टक्क्यांत बांधलेली होती. टक्का उतरता असला, तरी आकडा फुगला की फी फुगणारच!

नीतिमत्ता ज्याची त्याची, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथे आहे. कमी आकडा लिहिणाऱ्या प्रामाणिक व्हॅल्युअरला शाखेतून पुढचं काम येत नाही आणि ‘सहकार्य’ करणाऱ्याचं नाव पॅनलवर वर सरकतं, तेव्हा प्रश्न एकट्याच्या सचोटीचा राहत नाही. काम कुणाला जायचं हे शाखेने किंवा एजंटाने ठरवू नये; मुख्य कार्यालयाने यादीतल्या क्रमाने वाटावं. फी कामाच्या व्यापावर असावी आणि आकडा बँकेच्या पसंतीला उतरला नाही तरी ती मिळावी. बदललेला अहवाल मागितला तर मूळ अहवालही फाइलीत राहावा. तुटपुंज्या फीत तीन दस्त शोधणं परवडत नाही, ही व्हॅल्युअरांची तक्रार रास्त आहे. त्यांनी फी वाढवून मागावी, मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. फक्त ती कर्जदाराच्या खिशातून जात असेल, तर अहवालाची एक प्रत त्याच्याही हातात पडली पाहिजे. आज तो बहुतेक वेळा पैसे भरतो आणि आपल्या घराची किंमत कशी काढली, हे त्याला विचारूनही सांगितलं जात नाही.