‘ओ’ म्हणजे नक्की ‘ओ’च का?

राजेश्वरात तुरीचे पोते कोणाचे, हे त्यावरच्या मार्क्यावरून कळते. मित्रहो, रक्तातील तांबड्या पेशींवरही प्रथिनांना व मेदांना जोडलेल्या साखरेच्या साखळ्यांचा मार्का असतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांना ‘ओ’ गटातही असणारा ‘एच’ मार्का नसलेले रक्त आढळले. फ्यूकोज नावाची एक साखर जोडली गेली नव्हती, एवढेच! पण या ‘बॉम्बे’ गटाच्या रुग्णाला ‘ओ’ रक्त दिले तर जिवावर बेतते. आणि नुसत्या ए-बी तपासणीत तो ‘ओ’च ठरतो. युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क घातला की फरक कळतो. ‘एच’ असेल तर पेशींच्या गुठळ्या होतात, नसेल तर नाही. वाणिज्यवाल्याने यात का बोलावे? रक्तदानाच्या रांगेत आम्हीही उभे असतो. महाविद्यालयाच्या शिबिरात कार्डावर ‘ओ’ लिहिण्याआधी एवढी तपासणी व्हावी.