नाण्याविना गाव

तिरोड्याच्या धान-व्यापाऱ्यास साठ्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. ल्यूक होडोरोविच या अमेरिकी तंत्रज्ञाने तोच विषय घेऊन ‘बॅनिश्ड’ हा संगणकीय खेळ एकट्याने रचला. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी तो विक्रीस आला. हद्दपार झालेली मोजकी कुटुंबे रानात गाव वसवितात. तेथे शत्रू नाही, नाणेही नाही. नावेतून येणाऱ्या व्यापाऱ्यास सरपण देऊन बियाणे घ्यावयाचे. शिकारीची सोय आहे, पण केवळ शेती व फळबागांवरही गाव जगते, हे विशेष. घरे घाईने वाढविल्यास खाणारी तोंडे वाढून हिवाळ्यात उपासमार होते. मात्र घरे बांधलीच नाहीत, तर नवी जोडपी संसार मांडीत नाहीत, पाळणे हलत नाहीत आणि भरल्या कोठारांसह गाव म्हातारे होत जाते.