रील बघून इन्सुलिन थांबवण्याआधी

नव्वद दिवसांत मधुमेह मुळापासून बरा, गोळ्या कचऱ्यात टाका, अशा थाटाचे व्हिडिओ आता मराठीतही भरपूर दिसतात. बोलणाऱ्याचा आत्मविश्वास दांडगा, हातात मेथीदाणे आणि खाली कुठल्याशा पावडरीची लिंक. सगळीच थाप असती, तर खोडून काढणे सोपे होते. अडचण अशी, की दाव्यात थोडे तथ्य आहे.

वजन घटवले तर टाइप २ मधुमेह औषधांविना आटोक्यात राहू शकतो, हे ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीने २०१७ मध्ये दाखवले. वजन घटवलेल्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षभरानंतर औषधाशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. पण या रुग्णांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, वजन जास्त होते आणि इन्सुलिन घेणारा त्यात एकही नव्हता. तीन ते पाच महिने त्यांना दिवसाला साधारण ८५० कॅलरींचाच आहार मिळे. गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, पण परिचारिका किंवा आहारतज्ज्ञांची नियमित देखरेख होती. आणि दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. मिनिटभराच्या रीलमध्ये यातले फक्त ‘गोळ्या बंद’ उरते.

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या घरी हा सल्ला पोहोचला, तर तो जिवावर बेततो. या आजारात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. १९२२ मध्ये टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशी मुले फार काळ जगत नसत. आजही इन्सुलिन थांबले, तर एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन साचतात. उलट्या, पोटदुखी, धाप, मग बेशुद्धी. ‘शरीरातली घाण बाहेर पडते आहे’ असे व्हिडिओने आधीच सांगून ठेवले असेल, तर आईवडील या उलट्यांनाही गुण आल्याची खूण समजतात. रुग्णालय गाठायचे तास त्यातच जातात.

कायदे आहेत. मधुमेहावरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्याने मनाई आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरसाठी सूचना काढल्या: तज्ज्ञ असाल तर पात्रता सांगा, नसाल तर हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही असे स्पष्ट करा. ती ओळ बऱ्याचदा तळाशी, बारीक अक्षरांत टाकली जाते. तिचा उपयोग बघणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्यालाच जास्त.

डॉक्टरांचाही यात वाटा आहे. गर्दीच्या ओपीडीत ‘गोड बंद, चालायला जा’ एवढ्यावर चिठ्ठी हातात पडते. भाकरी किती खाऊ, आंबा चालेल का, एकादशी धरू का, हे मग मोबाइललाच विचारले जाते. तिथे कोणी खेकसत नाही. रक्तदाब मोजता मोजता ‘हल्ली कोणाचे व्हिडिओ बघता, त्यातले काय सुरू केलेत?’ एवढे विचारले, तरी बंद केलेल्या गोळीचा पत्ता लागू शकतो. लागला, तर आधी त्याच दिवशी साखर तपासावी. रागवायचेच असेल, तर ते नंतरही जमते.