शेतीच्या जमाखर्चाची पाहणी

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें घाटापलीकडील वाई तालुक्यांतील शेतीधंद्याची पाहणी करून 1940 सालीं अहवाल प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं 1917 सालीं डॉ. हॅरोल्ड मान यांनीं पिंपळे सौदागर गांवचा अभ्यास छापला. आज तेथें उंच इमारती आहेत. हे विद्वान शेतकऱ्याच्या दारीं गेले. मीं मात्र महसुलाच्या नोकरींत कचेरींत बसून गतवर्षींचेच पिकांचे आंकडे पुढें उतरून घेतले. डोंगरउतारावरील नाचणी-वरीची खरी पेर त्यांत आली नाहीं. तेव्हां संशोधकांनीं अशा कागदांवर विसंबूं नये. एक पावसाळा भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत काढावा आणि घरच्या बायकांची लावणीची मजुरी खर्चांत धरावी. ती धरल्यास कित्येकांचें भात तोट्याचें ठरेल.