मोशीचे ऋण

घरातील कचरा घंटागाडीत टाकला म्हणजे तो संपला, अशी आपणा शहरवासीयांची भाबडी समजूत असते. पिंपरी-चिंचवडमधून रोज निघणारा हजार टनांहून अधिक कचरा कुठेतरी जातोच, आणि ते ‘कुठेतरी’ म्हणजे मोशी. देहू आणि आळंदीला जोडणाऱ्या इंद्रायणीच्या काठावरील हे गाव. वर्षानुवर्षे तेथे कचऱ्याचा डोंगर साचत गेला. उन्हाळ्यात त्याला आगी लागल्या, पावसाळ्यात त्याचे पाणी झिरपले आणि वारा फिरला की आसपासच्या घरांच्या खिडक्या मिटू लागल्या. आपल्या अंगणाची स्वच्छता दुसऱ्याच्या अंगणाच्या जिवावर उभी आहे, याची जाणीव मात्र आपल्यापैकी किती जणांना आहे?

१ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते मोशीतील कचऱ्यापासून वीज निर्माण करणाऱ्या प्रकल्पाचे लोकार्पण झाले. सुमारे ३०० कोटी रुपयांचा, १४ मेगावॉट क्षमतेचा हा प्रकल्प अँटनी समूहाने उभारला आहे. वर्षाला सुमारे अडीच लाख टन कचरा त्यात वापरण्याचे उद्दिष्ट आहे. हे काम स्वागतार्हच आहे. ज्याला आपण त्याज्य मानले त्यातून वीज निघाली आणि ती महापालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या कामी आली, तर शहराने कंपनीचे आणि महापालिकेचेही अभिनंदन केले पाहिजे. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. या व्यवहारात कंपनीला वीज विकता येते आणि शहराला स्वच्छता मिळते. मोशीला काय मिळते?

या प्रश्नाला हल्ली ‘सीएसआर’ असे तयार उत्तर दिले जाते. २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमानुसार, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि त्यात स्थानिक परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. तरतूद चांगली आहे, पण ती नफ्याला बांधलेली आहे. प्रकल्पाची पहिली वर्षे कर्जफेडीत जातात. नफाच नसेल, तर शून्याचे दोन टक्के किती होतात, हे सांगायला लेखापालाची गरज नाही. दुर्गंधी मात्र ताळेबंदाची वाट पाहत नाही, ती पहिल्या टनापासून सुरू होते. म्हणूनच गावाचा वाटा नफ्यावर न मोजता टनावर मोजला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही कल्पना आभाळातून पडलेली नाही. खाणींच्या बाबतीत आपल्याच देशाने ती मान्य केली आहे. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने अस्तित्वात आली. खाणपट्टाधारकाने स्वामित्वधनाच्या १० टक्के, जुन्या पट्ट्यांबाबत ३० टक्के रक्कम त्यात भरायची आणि ती खाणबाधित गावांसाठी खर्च करायची. चंद्रपूरच्या खाणीशेजारच्या गावाला जो न्याय लागू होतो, तो मोशीच्या डोंगराशेजारच्या वस्तीला का लागू होऊ नये?

इंग्लंडने तर हे १९९६ मध्येच केले. जमिनीत पुरल्या जाणाऱ्या कचऱ्यावर त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून टनामागे कर बसला आणि त्यातील काही वाटा कचरास्थळापासून दहा मैलांच्या आतील उद्याने, सभागृहे, जुन्या वास्तू यांकडे वळवण्याची सोय झाली. बिफासारख्या कचरा कंपन्यांच्या नावाने तेथे गावोगाव अनुदाने मिळतात. यातील मेख अशी की कंपनी जे देते, त्यातील ९० टक्क्यांपर्यंतची रक्कम तिला करात वजा करून मिळते. म्हणजे पैसा बहुतांशी जनतेचा आणि पाटीवर नाव कंपनीचे! अनुकरण करायचेच तर दहा मैलांच्या नियमाचे करावे, पाटीचे नको. पाट्यांची हौस आपल्याकडे काही कमी नाही. महापालिकेच्या पैशातून बसवलेल्या बाकावरही ‘सौजन्य’ म्हणून कोणाचे नाव झळकते, हे पिंपरी-चिंचवडकरांना आम्ही सांगायला नको.

साधा हिशेब करून पाहू. टनामागे केवळ २० रुपये बाजूला काढले, तर अडीच लाख टनांचे वर्षाला ५० लाख रुपये होतात. कारखानदारीच्या या पट्ट्यात ही रक्कम नगण्य वाटेल. परंतु एक उत्तम अभ्यासिका, श्वसनविकारांसाठी नियमित तपासणी केंद्र आणि विहिरी-कूपनलिकांच्या पाण्याची स्वतंत्र तपासणी एवढे त्यातून सहज सुरू होऊ शकते. पहिला हक्क मात्र या कचऱ्यात हात घालणाऱ्या भगिनींच्या मुलांचा असावा. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली. आमची आणि त्यांची विचारांची वाट वेगळी, तरी या भगिनींना श्रमिक म्हणून मान मिळवून देण्याचे त्यांचे काम मोठे आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पैसा कोण वाटणार, हा खरा नाजूक प्रश्न आहे. वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसले तरी चालते, हा आपल्याकडचा अनुभव. चाकणच्या कारखान्यांच्या दारात भंगाराच्या ठेक्यांवरून काय चालते आणि किती तक्रारी पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचल्या, हे त्या भागात सर्वांना ठाऊक आहे. गावाच्या नावाने आलेला पैसा मूठभर दांडग्यांच्या हाती जायला वेळ लागत नाही. शिवाय मोशी १९९७ मध्ये महापालिकेत आली, तेव्हाच तिची ग्रामसभा संपली. मार्च २०२२ नंतर तर जवळपास चार वर्षे महापालिकेवर प्रशासक होता, म्हणजे गाऱ्हाणे मांडायला नगरसेवकही नव्हता. या निधीसाठी शिक्षक, डॉक्टर, बचत गटाच्या महिला, जुने ग्रामस्थ आणि नव्या सोसायट्यांतील रहिवासी यांची समिती असावी, आणि जमाखर्च शाळेच्या भिंतीवर मराठीत लावावा.

आणखी एक पथ्य. दुर्गंधी रोखणे, झिरपणाऱ्या पाण्यावर प्रक्रिया करणे, धूर नियमात ठेवणे ही कंपनीची आणि महापालिकेची मूळ कर्तव्ये आहेत. त्यांचा खर्च अनुदानात धरता कामा नये. ‘शाळेला संगणक दिले, आता वासाची तक्रार कशाला?’ असे कोणी म्हणू लागले, तर तो आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार ठरेल. अनुदान घेणाऱ्या संस्थेचा तक्रारीचा अधिकार अबाधित राहील, हे करारातच लिहिलेले असावे.

कंपनी आणि महापालिका यांच्याबरोबर तिसरा देणेकरी आपण आहोत. पुनावळे येथील नियोजित कचरा डेपोला तेथील सोसायट्यांनी जोरदार विरोध केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये शासनाने तो रद्द करण्याची घोषणा विधिमंडळात केली. त्या नागरिकांचा आनंद समजण्यासारखा आहे. त्यांच्या दारातून सकाळी निघणाऱ्या घंटागाडीतला कचरा आजही मोशीलाच जातो.